तोंड येण्याचा इतिहास

१९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि आपले पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशात राहिले. मोठ्या दुखण्यात आपण गाठतो ते मात्र नागपूरच. तिथून कॅन्सरचे औषध घेऊन माणूस परततो आणि थोड्याच दिवसांत त्याचे तोंड येते. ज्वारीची भाकर टोचते, संत्र्याच्या या मुलखात संत्र्याची फोड जिभेवर ठेववत नाही. घरचे म्हणतात, पथ्य मोडले असेल. रोग्यावरचा हा ठपका अन्यायाचा आहे.

या गोष्टीचा आरंभ मुंबईतला. १९२८ साली डॉक्टर लूसी विल्स इंग्लंडहून तिथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्याचे मूळ विल्सबाईंना त्या बायांच्या ताटात सापडले. मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, दिल्यावर रक्त भरून येई. हे त्यांनी १९३१ साली छापले. त्या अर्कातले द्रव्य पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेले. ते पालेभाजीत आहे, डाळीत आहे, आपल्या संत्र्यातही आहे.

पेशीला एकाच्या दोन व्हायला हे द्रव्य लागते. ते तोडले तर? अमेरिकेत आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी फॉलिक अॅसिडसारखी दिसणारी, पण त्याचे काम अडवणारी औषधे तयार केली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी एक रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिले. काही मुलांचा रोग काही काळ ओसरला. तो वृत्तान्त १९४८चा. आजही वापरात असलेले मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातले.

पण तोंडाच्या आतली कातडीही भराभर नवी होत असते, आणि औषधाला आपपर कळत नाही. कॅन्सरच्या पेशीबरोबर तीही मार खाते. कॅन्सरची सगळीच औषधे फॉलिक अडवणारी नाहीत, पण तोंड येण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिल्यावर डॉक्टर ठरल्या वेळी फॉलिनिक अॅसिड देऊन निरोगी पेशी सावरतात. ती वेळ फार मोलाची, म्हणून घरच्यांनी मायेपोटी ताकदीच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. मऊ भात, गार केलेले वरण, मुगाची पातळ खिचडी, पिकले केळ हे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. तिखट आणि आंबट तोंड बरे होईपर्यंत दूर ठेवावे, संत्रेसुद्धा.