मेरिडेन ते चाकण : ट्रायम्फ मोटारसायकलचा औद्योगिक इतिहास

युद्धोत्तर ब्रिटिश उद्योगाच्या ऱ्हासाचा विचार करताना मोटारसायकल उद्योग बहुधा उपेक्षित राहतो. १९५९ मध्ये ट्रायम्फने कॉव्हेंट्रीजवळील मेरिडेन येथून ६४९ घनसेंटिमीटर क्षमतेची, जुळ्या सिलिंडरची ‘बॉनव्हिल’ बाजारात आणली. तिचे दोन्ही दट्टे एकदमच वर-खाली होत. त्यामुळे वेगाबरोबर कंपनेही वाढत. एडवर्ड टर्नर यांच्या १९३७ मधील ‘स्पीड ट्विन’पासून चालत आलेली ही रचना मुळात उत्तम होती, तिच्यावर तीन दशके विसंबून राहणे मात्र घातक ठरले. १९६९ मध्ये होंडाने चार सिलिंडरची, बटणावर सुरू होणारी ‘सीबी ७५०’ आणली.

१९७३ मध्ये मेरिडेन बंद करण्याचे जाहीर होताच कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला. १९७५ मध्ये सरकारी साहाय्याने तेथे कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली व १९८३ पर्यंत टिकली. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रातील अभ्यासकांना हे प्रकरण विशेष अभ्यसनीय वाटावे : मालकी बदलली, पण यंत्राची जुनी रचना आणि भांडवलाची चणचण तीच राहिली.

पुढे जॉन ब्लूर यांनी ट्रायम्फचे नाव विकत घेऊन हिंकली येथे नवा कारखाना उभारला. २०२० मध्ये पुण्यात बजाज ऑटोशी करार झाला. २०२३ पासून चाकणला ‘स्पीड ४००’ तयार होऊ लागली. यात साम्राज्याचे चक्र उलटे फिरल्याचे पाहणे उतावीळपणाचे होईल. नाममुद्रेची मालकी ब्रिटिश कंपनीकडेच राहिली आणि चाकणला आलेले इंजिन ३९८ घनसेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे होते.