स्वयंचलित चाचणीतील संवादचौकटी
संकेतस्थळाची स्वयंचलित चाचणी सुरू असताना न्याहाळकात, म्हणजेच ब्राउझरमध्ये, अचानक उघडणाऱ्या संवादचौकटीला चाचणीच्या आज्ञावलीनेच उत्तर द्यावे लागते. जावास्क्रिप्टमधील अलर्ट ही आज्ञा केवळ सूचना दाखवते, कन्फर्म होकार वा नकार मागते, तर प्रॉम्प्ट मजकूर लिहून घेते. चौकट बंद होईपर्यंत पानाचे काम थांबते. ही चौकट पानाचा भाग नसते, ती न्याहाळक स्वतः काढतो; त्यामुळे पानातील बटणाप्रमाणे तिचे बटण शोधता येत नाही. पानाच्याच घटकांतून रचलेल्या चौकटी दिसायला तशाच असल्या तरी त्या इतर घटकांप्रमाणे हाताळल्या जातात. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये थॉटवर्क्स कंपनीत सेलेनियम तयार केले. त्याची सुरुवातीची आवृत्ती पानातील अलर्टच्या जागी स्वतःची आज्ञा बसवत असे. मात्र पान उघडतानाच येणारी चौकट तिच्या हाती लागत नसे आणि कोणीतरी बटण दाबेपर्यंत चाचणी अडून राही. सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हरने न्याहाळक बाहेरून चालवून ही अडचण दूर केली. ५ जून २०१८ रोजी वेबड्रायव्हरला डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली. त्यात चौकटीकडे वळून मजकूर वाचणे, उत्तर लिहिणे, स्वीकारणे किंवा नाकारणे अशा आज्ञा आहेत. बटणावरील शब्द पाहावा लागत नसल्याने न्याहाळक मराठीत असला तरी आज्ञा बदलत नाही. चौकट उशिरा येणार असल्यास आधी तिची वाट पाहावी लागते.

आज्ञावलीने उत्तरच दिले नाही तर काय होते, हे साधनागणिक बदलते. वेबड्रायव्हर मूळ मांडणीनुसार चौकट नाकारतो व त्रुटी कळवतो. प्लेराइट ती निमूटपणे नाकारतो, तर सायप्रेस निमूटपणे स्वीकारतो. म्हणजे ‘खाते कायमचे काढायचे का?’ या प्रश्नावर प्लेराइटमध्ये खाते शाबूत राहते, सायप्रेसमध्ये ते जाते, आणि दोन्हीकडे चाचणी उत्तीर्ण दिसू शकते. म्हणून अपेक्षित उत्तर स्पष्ट लिहिणे आणि चौकटीतील मजकूरही तपासणे अधिक सुरक्षित ठरते. प्लेराइटमध्ये चौकट ऐकणारी आज्ञा बटण दाबण्यापूर्वीच नोंदवावी लागते. ती नोंदवूनही उत्तर न दिल्यास पान गोठते.

रितेश अरोरा व नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या सेवांमध्ये चाचणी दूरच्या यंत्रावर चालते. तेथे चौकट हाताने बंद करायला कोणी बसलेले नसते. कॅमेरा किंवा स्थान वापरण्याची परवानगी मागणाऱ्या चौकटी या आज्ञांच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे उत्तर सहसा न्याहाळक सुरू करतानाच ठरवून ठेवतात.