ऑडिओ इंटरफेस गुणगुणतोय? भंगारात देण्याआधी कपॅसिटर बघा

भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असो की यूट्यूबवर टाकायचं गाणं, माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक छोटा डबा बसतो. तोच ऑडिओ इंटरफेस. आठ-दहा वर्षं चालल्यावर तो कधी गुणगुणायला लागतो, कधी मध्येच डिस्कनेक्ट होतो, कधी चालूच होत नाही. मग ‘बोर्ड गेलं, नवीन घ्या’ असं ऐकायला मिळतं आणि हजारोंचा खर्च समोर दिसतो. पण पुष्कळदा बोर्ड ठीक असतं, गेलेले असतात त्यावरचे काही रुपयांचे दोन-चार कपॅसिटर.

कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. इलेक्ट्रोलिटिक प्रकारात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. हा द्रव खालच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो. उष्णता वाढली की जास्त वेगाने. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं.

बुलडाणा जिल्ह्यात हा हिशोब महत्त्वाचा ठरतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, घाटावर बुलडाणा शहरात त्यामानाने बरं. समजा कपॅसिटरवर ‘१०५ अंश, २००० तास’ असं रेटिंग आहे. डब्याच्या आत ५५ अंश असतील तर तो साधारण ६४ हजार तास टिकेल, ६५ अंश असतील तर ३२ हजार. म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तर सात वर्षांच्या जागी साडेतीन. पत्र्याच्या खोलीत, लॅपटॉपला चिकटवून ठेवलेला इंटरफेस लवकर म्हातारा होतो तो असा.

काही वेळा दोष उन्हाचा नसतो, मालाचा असतो. २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानमध्ये बनलेले सदोष कपॅसिटर जगभर फुटले. डेल कंपनीला कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी २००५ मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. त्या काळातला इंटरफेस असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मात्र अडॅप्टर तपासा. त्यातही हेच कपॅसिटर असतात आणि तो जास्त तापतो. दुसरा लावताना व्होल्टेज आणि पिनचं प्लस-मायनस तेच हवं, अँपिअर तितके किंवा जास्त चालतील. काही जुन्या इंटरफेसना डीसी नव्हे, एसी देणारा अडॅप्टर लागतो. लेबल वाचल्याशिवाय काही खुपसू नका.

थेट २३० व्होल्टची वायर आत जात असेल तर डबा स्वतः उघडूच नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर धरून ठेवू शकतो, आणि त्याने जीव जाऊ शकतो. हे काम टीव्ही किंवा ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या अनुभवी माणसाकडे द्या.

आत काय दिसतं? वरचं सपाट झाकण फुगलेलं, बुडाशी तेलकट डाग, जवळचं तांबं हिरवट पडलेलं. पण तपकिरी झालेला डिंक पाहून ‘लीक’ म्हणू नका, तो कंपनीनेच पार्ट हलू नये म्हणून लावलेला असतो. उलट कोरडा पडलेला कपॅसिटर बाहेरून अगदी नवा दिसू शकतो. साध्या मल्टिमीटरवर त्याची क्षमताही बरोबर येते, फक्त आतला रोध वाढलेला असतो. तो दाखवतं ईएसआर मीटर. दुरुस्ती करणाऱ्याकडे ते आहे का, हे आधी विचारा.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा. पॉवर सप्लायच्या भागात ‘लो ईएसआर’च हवा. जुनेच कपॅसिटर नवं कव्हर चढवून विकले जातात, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा नाहीतर ऑनलाइन, दुकान खात्रीचं बघा. काढण्याआधी बोर्डाचा फोटो काढा. गोल डब्यासारख्या कपॅसिटरवरची पट्टी मायनसची असते, पण टँटलमच्या पिवळ्या कपॅसिटरवरची पट्टी प्लसची! उलटा बसला तर फुटतो. सोल्डर निघत नसेल तर ओढू नका, बोर्डावरची तांब्याची टिकली उखडते. तिथे थोडं नवं सोल्डर टाकलं की जुनं सुटतं.

सगळेच कपॅसिटर बदलण्याचा उत्साह मला पटत नाही. दहा चांगले काढताना एक ट्रॅक तुटला तर काम वाढतं. आणि फायरवायरवर चालणारा इंटरफेस असेल तर आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, तेव्हा खर्चाआधी तो जोडणार कशाला हे ठरवा.

दुरुस्तीनंतर लगेच महागडा कंडेन्सर माइक लावू नका. फँटम पॉवर चालू करून एक्सएलआर सॉकेटच्या पिन १ आणि २ मध्ये मीटर धरा. ४४ ते ५२ व्होल्ट आले, तर माइक जोडा.