कराची–मुंबई : अंतर तेच, प्रवास मात्र लांबला

१/९
कराची आणि मुंबई या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. जेट विमानाला ते कापण्यास दीड तास पुरेसा आहे. तरीही आज या प्रवासाला १९३२ सालच्या टपाल विमानाइतका, किंबहुना त्याहून अधिक वेळ लागतो. असे का व्हावे? #थ्रेड

२/९
१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून सकाळी ६.३५ वाजता एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान झेपावले. वैमानिक होते २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा. सोबत प्रवासी नव्हते, होत्या केवळ टपालाच्या थैल्या. टाटांच्या हवाई टपालसेवेचे हे पहिले उड्डाण.

३/९
आरंभ कराचीहूनच का? लंडनचे टपाल ‘इम्पीरियल एअरवेज’च्या विमानांनी कराचीला येत असे. तेथून मुंबई-मद्रासकडचे टपाल रेल्वेने न्यावे लागे. आकाशात वाचवलेला वेळ रुळांवर खर्ची पडे.

४/९
इवल्याशा विमानाला इंधनासाठी वाटेत उतरणे भाग होते. म्हणून मार्ग अहमदाबादवरून आखला गेला : आधी सुमारे ५९० आणि पुढे ४४० किलोमीटर. अहमदाबादला पेट्रोलचे डबे विमानापर्यंत आले ते बैलगाडीतून!

५/९
दुपारी १.५० वाजता विमान जुहूला उतरले. एकूण ७ तास १५ मिनिटे. पुढे टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

६/९
एक बाब सहसा नजरेतून सुटते. त्या वेळी सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३६ रोजी. म्हणजे कराची, अहमदाबाद आणि मुंबई हे तिन्ही थांबे एकाच प्रांतातले!

७/९
१९४७ नंतर मधे राष्ट्रसीमा आली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी हवाई संपर्क तोडला; तो १९७६ मध्ये पुन्हा जुळला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. या खेपेस मात्र सीमा ओलांडून.

८/९
एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. थेट विमान नसल्याने दुबईमार्गे जायचे, तर मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–कराची सुमारे १,१९० किलोमीटर. पाच तास उड्डाणाचे, शिवाय मधला मुक्काम. सात तास सहज उलटतात.

९/९
१९३२ मध्ये सात तास लागले ते इंजिनाच्या मर्यादेमुळे. आज लागतात ते राजकारणामुळे. अंतर भूगोल ठरवतो, प्रवासाचा वेळ इतिहास ठरवतो. जुने वेळापत्रक हाती आले, तर केवळ वेळा वाचू नका. विमान कुठे थांबते आणि कुठला प्रदेश टाळून जाते, तेही पाहा. त्या काळाची सत्ता आणि सीमा तिथे नोंदलेल्या असतात.