खानदेशातील लोकरंगभूमी, विनोद आणि स्त्री : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

तमाशातील स्त्री कलावंताचा विचार बहुधा लावणी आणि नृत्य यांच्याच अनुषंगाने केला जातो. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतांवर लिहिलेल्या निबंधाने आणि शैलजा पाईक यांच्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथाने जात, लैंगिकता व श्रम यांची सांगड घालून या अभ्यासाला नवी दिशा दिली. प्रस्तुत लेखातील प्रश्न त्याला लागून असला तरी वेगळा आहे. रंगमंचावर हसविण्याचा अधिकार कोणाकडे होता, आणि तो हाती नसल्यामुळे स्त्री कलावंताच्या चरितार्थाचे काय झाले, असा तो प्रश्न आहे.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील स्त्रियांना विनोद परका नव्हता. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल असते. लग्नघरातील अहिराणी गाण्यांत व्याही-विहिणींची गय केली जात नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या रचनांतील मिस्कीलपणा याच मातीतला आहे. सोपानदेव चौधरी व पीतांबर चौधरी यांनी त्या रचना टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्या ग्रंथरूपात येऊ शकल्या. एरवी धुळ्यासारख्या गावी राजवाडे संशोधन मंडळात जुनी दप्तरे जपली गेली, परंतु ओसरीवरील हजरजबाबीपणाचे दप्तर कोणी ठेवले नाही. हा विनोद घराच्या उंबरठ्याआडचा होता. त्याला श्रोते होते, मोल मात्र नव्हते.

मोल मिळत होते ते यात्रेतील कनातीत. दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा (हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आज नंदुरबार जिल्ह्यात आहे) घोड्यांच्या बाजाराइतकीच तमाशासाठीही प्रसिद्ध आहे. तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि गवळणींच्या वतीने त्यांच्याशी हुज्जत घालते ती मावशी. ती वयस्क, फटकळ आणि बेरकी असते. देवालाही चार शब्द सुनावण्याची मुभा तिला आहे. मराठी लोकरंगभूमीवरील हे सर्वांत मुक्त स्त्रीपात्र म्हणावे लागेल, परंतु परंपरेने ते पुरुषच करीत आला. पुढे वगात सोंगाड्या हशा वसूल करतो, तोही पुरुषच. खानदेशी तमाशात तर नाच्या पोऱ्याची, म्हणजे स्त्रीवेषातील पुरुष नर्तकाची, प्रथा दीर्घकाळ टिकून होती.

पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते. स्त्री आली ती गायिका व नर्तिका म्हणून. राधेची भूमिका तिच्याकडे आली, मावशीची पुरुषाकडेच राहिली. वरवर पाहता ही कामाची साधी वाटणी आहे. वस्तुतः तिच्यात वयाचा हिशेब दडलेला आहे. नर्तिकेची मागणी शरीराच्या उमेदीवर अवलंबून असते. सोंगाड्याचे तसे नसते. वय वाढेल तसा त्याचा शब्द मुरतो, चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही कामी येतात. ज्या भूमिकेत वार्धक्य हेच भांडवल ठरते, नेमकी तीच भूमिका स्त्रीला नाकारली गेली. तिला वग होता, आणि काहींना फडाची मालकीही मिळाली. कांताबाई सातारकर यांनी तर पुरुषभूमिकाही गाजविल्या. परंतु अशी वाट काढणाऱ्या स्त्रिया थोड्याच. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरविण्यात आले, तरी अखेरच्या आजारपणात उपचाराच्या खर्चासाठी त्यांना इतरांच्या मदतीवर विसंबावे लागले. त्यांच्या हलाखीला कारणे अनेक असतील. तथापि उतारवयातही मिळकत देणारे काम तमाशाने स्त्रीसाठी ठेवले नव्हते, हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण असावे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. मॉम्स मेबली ही कृष्णवर्णीय विनोदकार तरुण वयातच बोळक्या तोंडाच्या, घरगुती झग्यातील म्हातारीचे सोंग घेऊन रंगमंचावर येऊ लागली. वंशभेद आणि पुरुषांचा अहंकार यांवर ती या म्हातारीच्या तोंडून बोलत असे. कृष्णवर्णीय स्त्रीने हे उघड बोलणे ज्या समाजाला रुचले नसते, त्यानेच ते म्हातारीचे बोलणे म्हणून ऐकून घेतले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात आणि १९६२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तिचे कार्यक्रम झाले. १९७५ साली मृत्यू येण्याच्या आदल्याच वर्षी तिची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट प्रदर्शित झाला होता. तमाशातील मावशीचीच ही बहीण शोभते. फरक इतकाच, की येथे सोंग स्त्रीचे होते आणि बिदागीही स्त्रीचीच होती.

पुढील काळातही आपल्याकडील वाटणी फारशी बदलली नाही. खानदेशच्या वेशीवरील मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट काढला, आणि तेथे विनोदी चित्रपटांचा एक छोटा धंदाच उभा राहिला. नट गावचेच होते. स्थानिक स्त्रिया पडद्यावर येत नसल्याने नायिका मात्र बाहेरगावाहून आणाव्या लागत. दूरचित्रवाणीवर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात भाऊ कदम व सागर कारंडे यांची स्त्रीपात्रे लोकप्रिय झाली. जुनी मावशीच नव्या साडीत आली, असे म्हणता येईल. त्याच संचात श्रेया बुगडे यांनी आपले स्थान निर्माण केले. २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात अशा अनेक जणी विनोदाच्या बळावर उभ्या राहिल्या. यात्रेतील फडांत मावशीचे लुगडे अद्याप बहुतांशी पुरुषाच्याच अंगावर आहे.