भिंतीवरचा लाल त्रिकोण

अंगणवाडीची भिंत आपण सगळ्या मिळून रंगवणार, हे गटाच्या बैठकीत ठरलं. पाळी, गुप्तरोग, निरोध यांची माहिती तिच्यावर चितारायची, हे ठरायला मात्र महिना लागला. "असलं भिंतीवर काढायची आपली रीत नाही," असं काही जणी म्हणाल्या. म्हणून आज भिंतींचीच गोष्ट सांगते.

रीत नाही, असं कसं म्हणावं? पालघर-डहाणूकडे वारल्यांच्या घरी लग्नात सवाष्णी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. झाडं, पिकं, लेकरं, सगळं तिच्या कृपेचं. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे भरल्या लग्नघरात बायकाच भिंतीवर हे काढत आल्या, आणि कुणी नाक मुरडलं नाही.

सरकारची भिंत नंतरची. १९५२ साली देशात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. साठच्या दशकात त्या खात्यातले अधिकारी दीप त्यागी यांनी लाल त्रिकोण पुढे आणला, टोक खाली असलेला. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी अशी खूण. सोबत आई, बाप, मुलगा, मुलगी असे चार हसरे चेहरे. डोकं चांगलंच लढवलं होतं, हे मान्य करायला हवं. १९६८ साली निरोध आला, तीन नगांचं पाकीट पंधरा पैशांना. माझ्या लहानपणी आमच्या शाळेमागे असा एक त्रिकोण फिकट होऊन उरला होता. आम्हा पोरींना ती रस्त्याची खूण वाटायची! विचारायची सोय नव्हती.

मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यात पुरुष जास्त, आणि कित्येकांवर जबरदस्ती. आपल्या गटातल्या आजी सांगतात, जीपचा आवाज आला की गडी उसात शिरायचे. तेव्हापासून पुरुष नसबंदीला जे बिचकले ते आजतागायत. ऑपरेशन बाईच्याच वाट्याला आलं.

मला जास्त सलतं ते पुढचंच. एवढ्या भिंती रंगल्या, त्या पोरं मोजायला सांगत होत्या. बाईला काय होतंय, हे विचारायला नव्हत्या. ते विचारलं गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ. म्हणजे अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटतेय, ओटीपोट दुखतंय, आणि बाई निंदायला चाललीय. 'बाईच्या जातीला असतंच' म्हणून.

आपल्या भिंतीवर हेच यायला हवं, असं माझं मत. पांढरं जाणं काही वेळा नेहमीचंच असतं. पण वास आला, रंग बदलला, खाज सुटली, दुखलं, तर दवाखान्यात जायचं. संसर्ग संबंधातून झालेला असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तो पुन्हा होतो. म्हणून दवाखान्याच्या बाकावर बाईशेजारी पुरुषही बसलेला काढा, असं परवा एकीनं सुचवलं. सगळ्या हसल्या. मग गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "काढा. टोपीसकट काढा."

निरोध काढायचा की नुसता शब्द लिहायचा, हा वाद अजून मिटलेला नाही. आजींचं म्हणणं एवढंच, लाल रंग वापरू नका. गेरू चालेल का, असं विचारलं तर त्या विचार करते म्हणाल्या. रविवारी भिंतीला चुना मारायचा आहे. जुनं लुगडं आणि बादली घेऊन या, बाकीचं तिथंच बोलू.