‘ओव्हरक्राउडेड’ चं वाक्य

भाची इंग्रजी शाळेत सातवीत आहे. परवा तिला गृहपाठ होता, दहा शब्द वाक्यांत वापरायचे. वही पुढे करत म्हणाली, ‘‘मामू, जरा बरोबर आहे का बघा ना.’’ सातवा शब्द ‘ओव्हरक्राउडेड’ होता. तिने वाक्य केलं होतं : ‘मुस्लिम एरियाज आर ओव्हरक्राउडेड.’

व्याकरणात चूक नव्हती. अनेकवचन, क्रियापद, सगळं जागेवर. मी विचारलं, हे कुठून सुचलं? तिला प्रश्नच कळला नाही. ‘‘आपल्याकडे असतंच ना ओव्हरक्राउडेड,’’ ती म्हणाली. मला एक एजंट आठवला. काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याची जागा शोधत होतो, तेव्हा आडनाव ऐकून तो म्हणाला होता, ‘‘तुमच्या लोकांना कंजेस्टेड एरियाची सवय असते, तिकडेच बघा.’’ शब्द निराळा, वाक्य तेच.

तर आधी इंग्रजीचं बघू. आपल्याकडे हा शब्द पुष्कळदा गडबडीने वापरला जातो. ‘बसमध्ये टू मच क्राउड होता’ हे आपलं घरगुती इंग्रजी. खरं वाक्य ‘द बस वॉज ओव्हरक्राउडेड’. देश किंवा शहर ‘ओव्हरपॉप्युलेटेड’ म्हणतात, पण खोली, डबा, तुरुंग यांना ‘ओव्हरक्राउडेड’. ‘कंजेस्टेड’ हा त्याचा चुलतभाऊ. तो रस्त्याला लागतो, सर्दी झालेल्या नाकाला लागतो आणि मुंबईत वस्तीला लागतो. डॉक्टरी भाषेत ‘कंजेशन’ म्हणजे अवयवात रक्त साचणं. वस्तीला कंजेस्टेड म्हटलं की ती आपोआप आजारी ठरते.

‘ओव्हरक्राउडेड’ मध्ये दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, ‘ओव्हर’ म्हणजे कशाच्या तरी वर. माप असल्याशिवाय हा शब्द पुरा होत नाही. तुरुंगांचे सरकारी अहवाल या बाबतीत प्रामाणिक असतात, आधी क्षमता सांगतात आणि मग कैद्यांचा आकडा. दुसरी, हे मुळात क्रियापद आहे, ‘टु ओव्हरक्राउड’. कुणीतरी जागा अति भरतो. मालक खोल्या भरतो, कंपनी गाडी भरते. कर्मणी प्रयोग झाला की भरणारा वाक्यातून निघून जातो आणि उरतात फक्त भरले गेलेले.

मराठीत आपण ‘गर्दी’ म्हणतो. शब्द फारसीतून आला आणि जुन्या मराठीत त्याला धामधुमीचा, दाणादाणीचा अर्थ होता. पानिपतावरून आलेली ‘भाऊगर्दी’ त्याच अर्थाची. राहण्याच्या अडचणीला मात्र आपल्या आजीकडे वेगळा शब्द होता, ‘दाटीवाटी’. त्यात दोष नव्हता. दाटीवाटीने बसा, म्हणजे थोडं सरका, पाहुण्याला जागा द्या.

मुंबईच्या सरकारी इंग्रजीत ‘ओव्हरक्राउडिंग’ या शब्दाला जोर आला तो प्लेगमध्ये. सप्टेंबर 1896 मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत पहिले रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे बंदराजवळचा व्यापारी भाग, धान्याच्या गोदामांचा, आणि तिथे राहणारे सगळ्या जातिधर्मांचे. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवलं 1898 मध्ये, आणि तेही मान्य व्हायला बरीच वर्षं गेली. तोवर अधिकाऱ्यांची खात्री होती की रोग जागेत असतो : ओल, अंधार, घाण आणि माणसांची दाटी. दाटीचा रोगाशी संबंध नव्हताच असं मी म्हणणार नाही. पण उपाय काय झाले ते बघा. उजेड यावा म्हणून घरांची कौलं उतरवली. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवली, ‘अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन’. आत राहणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. आपलं घर माणसांच्या लायकीचं नाही, हे त्यांच्याच दारावर त्यांना न कळणाऱ्या लिपीत लिहिलेलं होतं.

आपल्या मदनपुऱ्याचा प्रसंग याच काळातला. 9 मार्च 1898 रोजी तपासणी पथक एका आजारी मुलीला न्यायला जुलाह्यांच्या वस्तीत आलं. हे विणकर उत्तर हिंदुस्थानातून आलेले. घरात शिरणं, बायकामुलींची तपासणी, इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही ही भीती, हे सगळं महिनोन्‌महिने साठलेलं होतं. दंगल उसळली आणि शहरभर पसरली. तिला नुसतं धर्मवेड म्हणून मिटवता येत नाही. दीड वर्ष आधी, ऑक्टोबर 1896 मध्ये, आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले होते. आणि लशीला मुसलमानांचा विरोधच होता असं म्हणणाऱ्यांना आगाखान तिसरे सांगावेत. हाफकिनची लस त्यांनी लोकांसमोर टोचून घेतली आणि त्याला कामासाठी आपली जागाही दिली.

डिसेंबर 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटी कमी करणं, हवेशीर रस्ते काढणं, गरिबांसाठी घरं बांधणं ही त्याची कामं. सुरुवातीच्याच योजनांत नागपाडा होता. मग प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड. पुढे मोहम्मद अली रोडही ट्रस्टनेच काढला. आज आपण ज्या रस्त्यांवरून जातो ते त्या पाडकामातून निघालेले आहेत, आणि ते चांगले रस्ते आहेत, हेही खरं. पण पाडणं झपाट्याने झालं आणि बांधणं सावकाश. उठवलेली माणसं जाणार कुठे? गोदी, बाजार, गिरणी जिथे, तिथेच. ती शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत शिरली. भाडी चढली. एका गल्लीतली दाटी मोडली आणि दुसऱ्या गल्लीला ‘ओव्हरक्राउडेड’ चा शिक्का मिळाला.

पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी मोजमापाचा आग्रह धरला. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. समोरच्या इमारतीची उंची आणि मधली मोकळी जागा यांचा कोन असा हवा की तळमजल्याच्या खोलीतूनही आभाळ दिसावं. मला हा नियम आवडतो. माणसांचा धर्म न विचारता तो भिंतींना अंतर विचारतो.

मालक कायद्याला माहीत नव्हता असंही नाही. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात घरातली अति दाटी हटवण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट घरमालकाला देऊ शकतो. पण हटवायची कशी? भाडेकरू कमी करून. म्हणजे हुकूम मालकाला आणि बिऱ्हाड रस्त्यावर भाडेकरूचं.

इंग्लंडने 1935 च्या हाउसिंग ॲक्टमध्ये या शब्दाला आकडे बांधून दिले : एका खोलीत दोन माणसं, दोन खोल्यांत तीन, तीन खोल्यांत पाच. त्याहून जास्त असतील तर घर ‘ओव्हरक्राउडेड’. आपल्या 1971 च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याच्या व्याख्येत मात्र ‘ओव्हरक्राउडेड’ हा शब्द ‘इनसॅनिटरी’ आणि ‘स्क्वॉलिड’ च्या रांगेत येतो. आकडा नाही. गलिच्छ आणि दाट हे जणू एकाच घरचे भाऊ.

1992-93 च्या दंगलीनंतर किती कुटुंबं मुंबईतली मिश्र वस्तीतली घरं सोडून मुंब्रा-कौशाला गेली, हे आपल्या प्रत्येक खानदानात कुणाला ना कुणाला ठाऊक आहे. माझी खाला गेली. कांदिवलीत दोन खोल्या होत्या, तिथून कौशात एक खोली, सात माणसं. तिला कुणी विचारलं असतं तर तिने ‘ओव्हरक्राउडेड’ म्हटलं नसतं. ती म्हणायची, ‘‘रात्री दार वाजलं तर धडकी भरत नाही, हेच खूप.’’ नंतर तिथे राहणाऱ्यांविषयी बाहेरचे म्हणू लागले की यांना असंच राहायला आवडतं. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात असुरक्षिततेमुळे एकत्र राहावं लागण्याची नोंद आहे, पण एजंट मंडळी अहवाल वाचत नाहीत.

हे सगळं मी भाचीला सांगितलं नाही. सातवीतल्या पोरीला किती सांगणार! एवढंच विचारलं की आपली खोली किती फुटांची आणि आपण किती जण? तिने टेप काढली, अम्मीला कपाटाजवळून सरकवलं आणि मापं घेतली. मग जुनं वाक्य खोडून नवं लिहिलं : ‘अवर रूम इज वन हंड्रेड अँड एटी स्क्वेअर फीट अँड सिक्स पीपल लिव्ह इन इट, सो इट इज ओव्हरक्राउडेड.’

दुसऱ्या दिवशी वही तपासून आली. बाईंनी वाक्यावर बरोबरची खूण केली होती आणि समोर लाल शाईने लिहिलं होतं, ‘टू लाँग’.